‘होईल हळूहळू’ म्हणण्याआधी

शेजारच्या काकूंच्या नातवाचं यंदाच्या संक्रांतीत बोरनहाण झालं. काळं झबलं, गळ्यात हलव्याचा हार, डोक्यावर हलव्याचा मुकुट, आणि भोवती चुरमुरे-बोरं-गोळ्या वेचायला टपून बसलेली आळीतली सगळी बालसेना! हे दृश्य तुम्हांला काही नवीन नाही. बाळराजे दहा महिन्यांचे. आईच्या मांडीवर रेलून बसले होते आणि समोर घरंगळत आलेलं बोर उजव्या हाताने पकडू पाहत होते. “बघा हो, आत्तापासून उजवा हात! शहाणं आहे पोर,” कुणीतरी म्हणालं, आणि आम्ही सगळ्यांनीच कौतुकाने माना डोलावल्या.

चार बायका जमल्या नि मध्ये तान्हं मूल असलं, की गप्पा कुठे वळतात ते काय सांगायचं! “आमची नववा सरता सरता चालायला लागली.” “आमचा रांगलाच नाही, एकदम उभाच राहिला.” “अहो, आमच्या ह्यांनी तर चौथ्या वर्षापर्यंत तोंड उघडलं नव्हतं, आता बंद होत नाही!” हशा झाला. त्या हशातच काकूंची सून हळूच म्हणाली, “आमचा अजून आधाराशिवाय बसत नाही हो...”

“होईल हळूहळू! घाई काय आहे?” सगळ्या एकदम म्हणाल्या. त्यांत मीही होते.

घरी आले, भांडी आवरली, अंथरुणावर पडले. पण झोप येईना. कारण हे ‘होईल हळूहळू’ मी पूर्वीही ऐकलं होतं, माझ्याच लेकीच्या बाबतीत. आणि ते ऐकून मी गप्प बसले होते.

आमच्या थोरलीची गोष्ट

आमची थोरली गुटगुटीत, हसरी. वेळेवर बसली, वेळेवर चालली. बोलत मात्र नव्हती. दीड वर्ष झालं, दोन झाली. सासूबाई म्हणायच्या, “तिचे बाबाही उशिराच बोलले.” माझ्या मनात पाल चुकचुकत होती. भांडं पडलं तरी ती दचकत नसे, नि पंख्याखाली निजली असताना कितीही गोंगाट झाला तरी उठत नसे. आम्ही म्हणायचो, काय शांत झोप आहे!

शेवटी एकदा डॉक्टरांकडे नेलंच. फार चांगले, अनुभवी डॉक्टर. त्यांनी तिच्या डोक्यामागे खणखणीत टाळी वाजवली. थोरलीने झटकन वळून पाहिलं. “कान उत्तम आहेत. बोलेल हळूहळू,” ते म्हणाले. पेढा मिळाल्यासारखी मी घरी आले.

ती साडेतीन वर्षांची असताना बालवाडीच्या बाईंच्या लक्षात आलं, की तोंडाकडे बघत असली तरच पोर सांगितलेलं ऐकते; पाठ फिरली की काहीच नाही. मुंबईला नेऊन तपासणी केली. दोन्ही कानांनी तिला जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं.

आज ती संसारी आहे, नोकरी करते, ओठांवरून बोलणं ओळखते. वाईट झालं असं मी म्हणणार नाही. पण ती साडेतीन वर्षं! पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदू भाषा जितक्या सहज टिपतो तितक्या सहज पुन्हा कधीच टिपत नाही. ती वर्षं तिची नि माझी मुक्याने गेली. आणि एक कोडं मला कित्येक वर्षं सुटलं नव्हतं. ऐकूच येत नव्हतं, तर त्या टाळीला ती वळली कशी?

ते कोडं यंदा सुटलं. कसं, ते पुढे सांगते.

खऱ्या मुलांची गरज

दुसऱ्या दिवशी मी आमच्या भागातल्या नर्सबाईंना गाठलं. लसीच्या दिवशी पेटी घेऊन येणाऱ्या, आळीतल्या प्रत्येक पोराला नावाने ओळखणाऱ्या या बाई. त्यांना बाळाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, “बरं झालं बोललात. पुढच्या आठवड्यात तालुक्याच्या रुग्णालयात आमचं प्रशिक्षण आहे, लहान मुलांचा विकास कसा तपासायचा त्याचं. सरावाला खरी मुलं हवी आहेत. सूनबाईंना घेऊन याल का?”

काकू आधी कुरकुरल्या. “धडधाकट पोराला कशाला दवाखाना दाखवायचा?” पण सरावाला मूल हवंय म्हटल्यावर तयार झाल्या. अशा रीतीने मी, काकूंची सून आणि बाळराजे तिथे पोचलो.

खोलीत पंचवीस-तीस जणी होत्या. आरोग्य सेविका, आशाताई, अंगणवाडीच्या ताई, दोन तरुण डॉक्टर. शिकवायला जिल्ह्याहून आलेल्या बालरोगतज्ज्ञ बाई होत्या. फळ्यावर त्यांनी पहिला शब्द लिहिला: ‘चाळणी’.

“तुम्ही घरी गहू चाळता,” त्या म्हणाल्या, “तेव्हा चाळणीत राहतं ते सगळंच खडा असतं का? नाही. टपोरा गहूही राहतो. मग तुम्ही तो ताटात घेऊन निवडता. आज तुम्हांला चाळायला शिकवणार आहे. निवडायचं काम मोठ्या केंद्रातल्या माणसांचं. चाळणीत अडकलेल्या मुलाला तुम्ही रोगी ठरवायचं नाही, आणि चाळणीत घातल्याशिवाय कुणाला खाली सोडायचंही नाही.”

सूनबाईंच्या चेहऱ्यावरचा ताण तेवढ्यानेच थोडा सैलावला. मलाही पहिल्यांदा नीट कळलं, की चाचणीत एखादी गोष्ट चुकली म्हणजे मुलावर शिक्का बसत नाही. जरा निवडून पाहायला हवं, एवढाच त्याचा अर्थ.

तक्ता, पेन आणि किल्ल्यांचा जुडगा

अशा चाळण्या काही आजच्या नाहीत. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात फ्रॅंकेनबर्ग आणि डॉड्स यांनी १९६७ साली एक तक्ता केला, तो जगभर गाजला. पण आपल्या मुलांना आपलं माप हवं. ते काम बडोद्याच्या महाराज सयाजीराव विद्यापीठात डॉ. प्रमिला फाटक यांनी केलं. आपल्या बाळांची शरीराची आणि बुद्धीची वाढ महिन्यामहिन्याने कशी होते, याची मोजमापं त्यांनी घेतली. त्यातूनच पुढे बडोद्याची चाचणी तयार झाली. केरळात तिरुवनंतपुरमला डॉ. एम. के. सी. नायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी अवघ्या १७ गोष्टींचा एक सुटसुटीत तक्ता तयार केला. या दोन्ही चाचण्या १९९१ साली प्रसिद्ध झाल्या.

आमच्या बाईंनी शिकवला तो हा तिरुवनंतपुरमचा तक्ता. माणसाकडे बघून हसणं, मान सावरणं, पालथं पडणं, आवाजाच्या दिशेने वळणं, वस्तू या हातातून त्या हातात घेणं, धरून उभं राहणं, टाळ्या वाजवणं, चालणं, दोन शब्द बोलणं, बाहुलीचे नाक-डोळे दाखवणं अशा सतरा गोष्टी. प्रत्येकीपुढे एक आडवी पट्टी आखलेली. पट्टीच्या डाव्या टोकाला ती गोष्ट अगदी लवकर करणारी मुलं, उजव्या टोकाला पोचेपर्यंत जवळजवळ सगळी मुलं. बाळाच्या वयावर एक उभी रेघ मारायची. जी पट्टी त्या रेघेच्या पूर्ण डावीकडे राहिली, ती गोष्ट बाळाला यायलाच हवी. रेघ पट्टीतून जात असेल, तर अजून वेळ आहे.

“सामान काय लागेल?” एका ताईंनी विचारलं. बाईंनी पर्समधून पेन आणि किल्ल्यांचा जुडगा काढून टेबलावर ठेवला. सगळ्या हसल्या.

या पट्ट्यांमुळे मला एक मोठा दिलासा मिळाला, तो तुम्हांलाही द्यावासा वाटतो. निरोगी मुलांमध्येही फरक केवढा असतो! जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या मुलांचा अभ्यास करून २००६ मध्ये प्रसिद्ध केलेले आकडे असे. एकटं चालणं सव्वाआठव्या महिन्यापासून साडेसतराव्या महिन्यापर्यंत केव्हाही येऊ शकतं. आधाराशिवाय बसणं चौथ्या महिन्याच्या सुमारापासून नऊ महिने पुरे होईपर्यंत. आणि शंभरातली चारेक मुलं गुडघ्यांवर कधी रांगतच नाहीत! तेव्हा ‘आमचा रांगलाच नाही’ म्हणणारी शेजारीण खोटं बोलत नव्हती. ‘होईल हळूहळू’ हेही पुष्कळदा खरंच असतं. अडचण एवढीच, की कुणाच्या बाबतीत ते खरं आणि कुणाच्या बाबतीत नाही, हे नुसत्या नजरेने सांगता येत नाही.

बांगड्या वर सारा

मग सराव सुरू झाला, आणि मला वाटलं तेवढं हे सोपं नाही हे लक्षात आलं.

पहिला धडा, मूल भुकेलं किंवा पेंगुळलेलं असताना तपासायचं नाही. दुसरा, त्याला आईच्या मांडीवरून काढायचं नाही. तिसरा, आईला विचारायचं आणि स्वतःही पाहायचं. ‘टाटा करतो का?’ असं विचारलं की प्रत्येक आई ‘हो’ म्हणते. ‘काय काय करतो ते सांगा’ म्हटलं की खरी माहिती येते.

चौथा धडा वयाचा. एका आशाताईंनी वय ‘दहावा चालू’ असं लिहिलं. बाई म्हणाल्या, “चालू नको, पुरे झालेले महिने लिहा. आणि बाळ दिवस भरून जन्मलं का, हे विचारल्याशिवाय रेघ मारूच नका.” जे मूल दिवस भरण्याआधी जन्मतं, त्याच्या वयातून तेवढे आठवडे वजा करायचे असतात. दोन वर्षांचं होईपर्यंत असंच मोजायचं. आठ आठवडे आधी जन्मलेलं सहा महिन्यांचं बाळ विकासाच्या दृष्टीने चार महिन्यांच्या बाळासारखं असतं. हे न केल्यामुळे कितीतरी आया उगीच घाबरतात.

पाचवा धडा कानांचा होता.

“आवाजाची परीक्षा घेताना,” बाई म्हणाल्या, “बाळाला तुम्ही दिसता कामा नये. बाजूला, जरा मागे उभं राहायचं. बांगड्या वर सारा. सावली समोरच्या भिंतीवर पडत नाही ना, बघा. खुळखुळा हळू वाजवायचा. आणि डोक्यामागे टाळी कधीही वाजवायची नाही. टाळीचा वारा मानेला लागतो, हाताची सावली हलते. मूल वाऱ्याला वळतं, सावलीला वळतं, आणि आपण म्हणतो, ऐकू येतं.”

मी मागच्या बाकावर बसले होते. क्षणभर मला खोली दिसेनाशी झाली. त्या दवाखान्यातली दुपार, खिडकीतून आलेलं ऊन, समोरच्या पांढऱ्या भिंतीवर पडलेली डॉक्टरांच्या हातांची सावली, सगळं डोळ्यांपुढे आलं. माझी थोरली हुशार होती. तिला सावली दिसली होती.

मैत्रिणींनो, त्या डॉक्टरांवर माझा राग नाही. त्यांनी हयगय केली नव्हती. लहान मुलाचे कान कसे तपासायचे, हे त्यांना कुणी शिकवलंच नसावं. म्हणूनच हे प्रशिक्षण म्हणजे सरकारी कागदावरची एक ओळ आहे, असं मला आता वाटत नाही. शिकवलेल्या आणि न शिकवलेल्या हातांत माझ्या लेकीच्या साडेतीन वर्षांचं अंतर होतं.

आज तर तान्ह्या बाळाच्या कानांसाठी यंत्राची तपासणी आहे. बाळ झोपलेलं असताना कानात एक मऊ बोंडी ठेवतात, काही मिनिटांचं काम, दुखत-खुपत नाही. पहिल्या महिन्यात ही चाळणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत पक्कं निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू, असा जगभरचा संकेत आहे. जिथे बाळंतपण होईल तिथे ही तपासणी होते का, हे आधीच विचारून ठेवा. आणि ‘आमचं बाळ आवाज काढतं, म्हणजे कान चांगलेच’ असं समजू नका. ऐकू न येणारं मूलही पहिले काही महिने हुंकार देतं, आवाज काढतं.

बाळराजांची पाळी

दुपारी आमच्या बाळाची पाळी आली. तपासायला आमच्याच नर्सबाई. त्यांनी विचारलं, “दिवस भरून झाला का?”

“सात आठवडे आधी,” सूनबाई म्हणाली. बोरनहाणाच्या दिवशी हे आमच्यापैकी एकीनेही विचारलं नव्हतं!

नर्सबाईंनी वजाबाकी केली. दहा महिन्यांतून सात आठवडे गेले, राहिले सव्वाआठ-साडेआठ महिने. त्या वयावर रेघ मारली, आणि बसण्याची काळजी जवळजवळ मिटलीच. त्याला अजून थोडा अवधी होता. सूनबाईंचा चेहरा खुलला. मीही सुटकेचा श्वास टाकला.

पण नर्सबाई थांबल्या नाहीत. त्यांनी किल्ल्यांचा जुडगा बाळापुढे धरला. त्याने उजव्या हाताने घेतला. या हातातून त्या हातात घेतो का, ते त्या बघत राहिल्या. नाही. मग त्यांनी जुडगा मुद्दाम बाळाच्या डाव्या हाताजवळ धरला. बाळाने पूर्ण अंग वळवून तो उजव्याच हाताने घेतला. डावा हात मूठ मिटून छातीशी होता. नर्सबाईंनी पुन्हा एकदा केलं, मग तिसऱ्यांदा. तक्त्यावर त्या एका पट्टीपुढे खूण केली आणि बाईंना हाक मारली.

‘आत्तापासून उजवा हात, शहाणं आहे पोर!’ माझेच शब्द मला आठवले. वर्षाच्या आतलं मूल कधी हा हात वापरतं, कधी तो. इतक्या लवकर एकच हात चालत असेल, तर दुसऱ्या हाताला काय अडचण आहे ते पाहावं लागतं. ज्याचं आम्ही कौतुक केलं, तीच खरी खूण होती. आणि ज्याची काळजी केली, ते बसणं ठीकच होतं.

सांगावं कसं

आता आईला सांगायचं कसं? त्याचाही एक तास होता, आणि तो मला सर्वांत आवडला. एकीने आई व्हायचं, एकीने सासू, एकीने नर्स. सासू झालेल्या अंगणवाडीच्या ताईंनी भूमिका अशी वठवली, की सगळी खोली खो खो हसली. “आमच्या घराण्यात असलं काही नाही!” हे वाक्य तर हुबेहूब!

हसून झाल्यावर बाईंनी नियम सांगितले. रोगाचं नाव घ्यायचं नाही. मूल मंद आहे, वेडं आहे, असले शब्द तोंडातून काढायचे नाहीत. आधी बाळाला काय काय येतं ते सांगायचं, मग काय दिसत नाही ते. आईचं काही चुकलं, असं सुचवायचं नाही. कुठे जायचं, ते कागदावर लिहून द्यायचं. आणि शेवटचं, सर्वांत महत्त्वाचं, ‘गेलात का?’ म्हणून पुन्हा विचारायचं. चिठ्ठी दिली आणि विसरलं, तर सगळी चाळणी फुकट.

नर्सबाईंनी तसंच केलं. सूनबाईंना जवळ बसवून म्हणाल्या, “बाळ छान हसतं, आवाजाला वळतं, पालथं पडतं. डावा हात मात्र अजून कामाला लावत नाही. तो का, हे जिल्ह्याच्या केंद्रात पाहून घेऊ. मी चिठ्ठी देते. मंगळवारी घरी येऊन विचारेन.” सूनबाई रडली, पण मंगळवारच्या आत गेलीही.

जिल्ह्याचं केंद्र म्हणजे सरकारचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र. फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या महाराष्ट्रातच, पालघरला, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात झाली. या कार्यक्रमात फिरती पथकं अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा आणि शाळेतल्या मुलांना वर्षातून एकदा तपासतात. पथकात दोन डॉक्टर, एक परिचारिका, एक औषधनिर्माता. जन्मतः असलेली व्यंगं, उणिवांचे आजार, बालपणीचे रोग आणि विकासातला उशीर अशा चार गोष्टी ते पाहतात. अडकलेलं मूल या जिल्हा केंद्राकडे पाठवतात. तिथे तपासणी आणि उपचार यांचे पैसे पडत नाहीत. शिवाय २०१८पासून सुरू झालेल्या एका कार्यक्रमात आशाताईंनी बाळाच्या तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात घरी येऊन पाहायचं ठरलं आहे.

कमी शिकलेल्या बायकांना असली कामं जमतील का, अशी शंका कुणी घेतली तर गडचिरोलीकडे बोट दाखवा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथल्या ३९ खेड्यांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. बालमृत्यू किती घटले, हे १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातून सगळ्या जगाला कळलं. तो अनुभव जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांचा. पण नीट शिकवलं तर गावची बाई काय करू शकते, हे त्याने दाखवून दिलं.

आणि कमी वजनाच्या, आधी जन्मलेल्या बाळांवर जास्त दिवस लक्ष का ठेवायचं, हे सांगणारा अभ्यासही आपल्या पुण्याचाच आहे. १९८७ ते १९८९ या काळात जन्मलेल्या, दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांना के. ई. एम. रुग्णालयातल्या डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पार अठराव्या वर्षापर्यंत तपासलं. एकदा बघून ‘ठीक आहे’ म्हणण्यात काम संपत नाही, हे असे अभ्यास शिकवतात.

सगळं गोड गोड आहे, असंही नाही बरं का. निघताना नर्सबाई म्हणाल्या, “तक्त्याला पाचच मिनिटं लागतात हो, पण लसीच्या दिवशी दारात रांग असते, वर रजिस्टरं भरायची. आणि एक दिवस शिकवून वर्षभर कुणी विचारलं नाही, तर हात विसरतो.” त्यांचं खरं आहे. बाईंनी म्हणूनच सगळ्यांना दर महिन्याला निदान दोन मुलं एकमेकींसमोर तपासायला सांगितलं आहे. पण आपणही त्यांना मदत करू शकतो. रांगेत असताना बाळाचे पुरे झालेले महिने, दिवस भरून जन्म की आधी, आणि मनातली शंका, एवढं तयार ठेवलं तरी त्यांची निम्मी मिनिटं वाचतील.

कापून ठेवा, कपाटाला लावा

हा लेख मी आधी थोरलीला वाचायला दिला. वाचून तिने वहीत लिहिलं, “आई, कोणाचं काय चुकलं ते थोडक्यात लिही. बायकांनी काय बघायचं ते मोठ्या अक्षरात लिही.” म्हणून हे तिच्या सांगण्यावरून. बाळ दिवस भरण्याआधी जन्मलं असेल तर तेवढे आठवडे वजा करून वय मोजा, आणि पुढचं काही दिसलं तर थांबू नका.

– तीन महिने पुरे: माणसाकडे बघून हसत नाही, हलत्या वस्तूमागे नजर फिरवत नाही.
– पाच महिने पुरे: मान सावरत नाही.
– नऊ महिने पुरे: आधाराशिवाय बसत नाही, आवाजाच्या दिशेने वळत नाही.
– वर्ष पुरं: नावाने हाक मारली तर वळत नाही, टाटा किंवा टाळ्या अशी कुठलीच खूण करत नाही.
– दीड वर्ष पुरं: चालत नाही, अर्थाचा एकही शब्द नाही, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही.
– दोन वर्षं पुरी: ‘मम दे’, ‘बाबा आले’ असे दोन शब्द जोडत नाही.
– वर्षाच्या आत: एकच हात वापरतं, दुसऱ्याची मूठ मिटलेली.
– कोणत्याही वयात: येत असलेली गोष्ट, बोलणं असो की चालणं, येईनाशी झाली.

माता-बाल संरक्षण कार्डावरही अशी चित्रं असतात. लसीच्या तारखा बघतो त्याबरोबर तीही बघत जा. नवव्या महिन्याची आणि दीड वर्षाच्या सुमाराची लस द्यायला जाल, तेव्हा नर्सबाईंना किंवा तुमच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारा, “बाळाचा विकासही तपासाल का?” ते ‘होईल हळूहळू’ म्हणाले, तर रागावू नका, पण ‘कधीपर्यंत वाट पाहू?’ एवढं विचारून तारीख लिहून घ्या. त्या तारखेला पुन्हा जा. आईच्या मनातली शंका हीसुद्धा एक चाचणीच असते, असं बाईंनी त्या तीस जणींना बजावून सांगितलं. तुम्हीही ते लक्षात ठेवा.

काकूंचा नातू आता दीड वर्षाचा झाला. डाव्या बाजूला जन्मापासूनच थोडी अशक्तता होती, असं निदान निघालं. फिजिओथेरपिस्टबाईंनी शिकवल्याप्रमाणे सूनबाई रोज थोडा वेळ त्याच्या उजव्या हातावर मोजा चढवते आणि डाव्या हाताला खेळवते. डावा हात उजव्याइतका तरबेज होणार नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलंय. पण मूठ उघडली आहे. गेल्या आठवड्यात तो डुलत डुलत आमच्या ओट्यावर आला, उजव्या हातात बिस्किट होतं, म्हणून डाव्या हाताने त्याने माझा पदर धरला.

काकू मागून म्हणाल्या, “बघा, होतंय की नाही हळूहळू?”

होतंय खरं.